मोटारीच्या गादीला मोटेचं तेल

महायुद्ध संपलं आणि माझे काका पलटणीतून घरी आले. तिकडे ते एका गोऱ्या साहेबाची मोटार चालवत. घरी येऊन बैलगाडी आणि सायकल बघितल्यावर त्यांना काही करमेना. त्यांनी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मागं लागून लागून औंधच्या बाजूच्या एका इनामदारांची जुनी मोटार घ्यायला लावली. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून ती गाडी गोठ्याशेजारच्या छपरात उभी राहिली होती. काकांनी खटपट करून इंजिन सुरू केलं. ते सुरू झाल्याचं सांगलीपर्यंत ऐकू गेलं असावं.

इंजिनाचं झालं, पण गाद्यांचं काय? गाद्या अस्सल चामड्याच्या होत्या. शंकरपाळ्यांसारखी उठावदार शिवण आणि प्रत्येक शंकरपाळीच्या टोकाला चामड्यानं मढवलेली एकेक गुंडी. पण मागच्या गादीवर इनामदारांच्या कोंबड्यांनी संसार थाटला होता. पुढची गादी वाळून इतकी तडकली होती की उन्हाळ्यातलं तळं वाटावं.

तेवढ्यात मला बघायला साताऱ्याहून पाव्हणे येणार असं ठरलं. नवरा मुलगा, त्याचे वडील आणि मामा. आबांनी फर्मान काढलं, "पाव्हण्यास्नी ठेसनावरनं मोटारीनं आणायचं. पोरीचा बाप मोटारवाला हाय ते कळू दे."

"आवं, मोटारीत बसल्यावर त्यांना कोंबड्या कळतील की," आई म्हणाली.

मग आम्ही गाद्यांच्या मागं लागलो. काकांनी बाही दुमडली. आधी त्यांनी घोड्याला करतात तसा गादीला खरारा केला. मग धुण्याचा साबण आणि घागरीच्या घागरी पाणी. गोधडी धुवावी तशी गादी धुतली, पिळायची तेवढी राहिली. नंतर सगळ्या गाद्या सोडवून भर चैत्राच्या उन्हात वाळत घातल्या. संध्याकाळी काका त्यांतल्या एकीवर बसले आणि गादी पापडासारखी कडकन वाजली. काका लगेच उठले आणि आपलंच काही मोडलं का ते चाचपू लागले.

आबा लांबून बघत होते. ते म्हणाले, "चामडं ते चामडं. विहिरीवरची मोट कडक झाली म्हंजे काय करतो आपण? करंजाचं तेल पाजतो. तसंच हिला पाजायचं."

"दादा, मोट पाणी काढायला असती. हिच्यावर माणसं बसायची हायत," काका म्हणाले.

"माणसं मोटंपेक्षा हलकीच की रं!"

आबांनी तेलाचा डबा आणला आणि आम्ही चिंध्यांनी तेल चोळायला बसलो. खरं सांगायचं तर गाद्या मऊ झाल्या. आबांना एवढा हुरूप आला की ते दर जेवणानंतर उठून "अजून पितीया, अजून पितीया" म्हणत तेल घालत राहिले. गाद्या ओल्या माशासारख्या चकाकू लागल्या. करंजाच्या कडू वासानं म्हैस दाव्याला हिसके देऊ लागली.

आता रंग. तेलानं गाद्या कुठं काळ्या, कुठं पिवळ्या दिसत होत्या. काका म्हणाले, "बुटाचं पालिश! साहेबाच्या बुटावर आमी असं पालिश मारायचो की साहेब वाकून त्यात भांग पाडायचा." त्यांच्या ट्रंकेत लालसर पालिशाच्या डब्या होत्या, पण त्या सगळ्या एका पाठीमागच्या गादीलाही पुरेनात. तेव्हा मी म्हणाले, "यात काव मिसळली तर?"

तुळशीवृंदावन मीच दर सणाला त्या तांबड्या कावेनं रंगवत असे, त्यामुळं या बाबतीत माझ्या शब्दाला घरात वजन होतं. आईनं शेरभर काव काढून दिली. मी परातीत पालिश, काव आणि थोडं तेल घेऊन पुरणासारखं एकजीव केलं. काकांनी बोट बुडवून बघितलं आणि म्हणाले, "फस्क्लास."

फाटलेल्या जागी आईनं काथ्या भरला आणि दाभणानं गोधडीचे टाके घातले. वर आमचा रंग बसला. गाद्या मोटारीत चढवल्या तेव्हा गल्लीतली माणसं बघायला आली. काय शोभा होती! एकानं हात लावायला बोट पुढं केलं तर काका त्याच्यावर असे ओरडले की तो माणूस सायकल विसरून घरी गेला.

पाव्हणे यायच्या दिवशी आई म्हणाली, "भावजी, वर एखादी चादर टाका."

"वयनी, एवढं पालिश काय चादरीखाली घालायला केलंय?" काका म्हणाले आणि निघाले.

आम्ही वाट बघत होतो. पुढच्या सोप्यात गादीवर पांढरीशुभ्र चादर अंथरली होती, तक्क्यांना पांढरे अभ्रे घातले होते. मी माजघराच्या खिडकीला डोळा लावून उभी. धुरळा उडवत मोटार अंगणात आली. काकांनी उतरून सलाम ठोकावा तसं दार उघडलं. आतून पाव्हणे काही लवकर येईनात. आधी चिकटपट्टी सोडवल्यासारखा चर्र आवाज आला, मग मुलाचे वडील उतरले. पुन्हा चर्र, मामा उतरले. तिसरा चर्र, मुलगा.

पुढून तिघंही झकास. धोतरं, कोट, फेटे पांढरेफेक. मुलगा तर पांढऱ्या विजारीत. मग आबांनी पुढं होऊन रामराम केला आणि पाव्हणे माझ्याकडं पाठ करून उभे राहिले.

तिघांच्या पाठीवर, मानेपासून गुडघ्यापर्यंत, आमची मोटार उठली होती. शंकरपाळ्या सगळ्या आल्या होत्या. गुंड्या आल्या होत्या. मुलाच्या विजारीवर आईचे गोधडीचे टाके मोजून घ्यावेत इतके स्वच्छ दिसत होते.

मी आईला हाक मारली. आईनं खिडकीतून बघितलं आणि पदर तोंडात कोंबून खाली बसली.

बाहेर आबांनाही दिसलं होतं. पण पाव्हण्यांना दारातच "तुमचं मागनं वाटोळं झालंय" असं कसं सांगायचं? पाव्हणे सोप्यात शिरले आणि त्या पांढऱ्या चादरीकडं वळले. आबा आडवे आले.

"तिथं नगा! घोंगड्यावर बसू."

"गादी आहे की ही," मामा म्हणाले.

"गादीत ढेकूण हायत," काका मागून घाईघाईनं म्हणाले.

मुलीच्या बापाच्या घरात ढेकूण! आबांनी काकांकडं असं बघितलं की काका परत पलटणीत जायला तयार झाले असते. मामांचा चेहरा आंबला. तरी तिघं काळ्या घोंगड्यावर बसले आणि घरभर करंजाचा वास सुटला. मुलाचे वडील नाक हलवत म्हणाले, "इथं कुठं गुरांचं औषध सांडलंय का?"

"व्हय, व्हय," आबा म्हणाले, "म्हैस आजारी हाय." म्हैस नेमकी तेव्हाच ठणठणीत हंबरली.

मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेले. मान खाली. स्वयंपाक येतो का, येतो. शाळा किती झाली, सातवी. मग मामा म्हणाले, "मुलीनं जरा चालून दाखवावं."

मी भिंतीपर्यंत गेले आणि परत आले. त्यात काही अडलं नाही. पण मुलाला पोह्यातल्या मिरचीनं ठसका लागला आणि पाणी घ्यायला तो उठला. माझ्यासमोरून तो हंड्याकडं चालत गेला. चालताना त्या शंकरपाळ्या एकीवर एक सरकत होत्या. मी ओठ चावले, गावातली सगळी मेलेली माणसं आठवून बघितली, काही उपयोग झाला नाही. मी हसले. अशी तशी नाही, भिंतीला टेकून हसले.

"मुलगी हसरी आहे का येडी?" मामांनी विचारलं.

मुलगा हातात तांब्या घेऊन माझ्याकडं बघत होता. "काय झालं?" त्यानं सरळ मलाच विचारलं. आबांनी डोळे मिटून घेतले.

"तुमच्या पाठीला आमची मोटार लागलीय," मी म्हणाले.

त्यानं मान वळवून बघितलं. दिसेना म्हणून आणखी वळला, तशी पाठही वळली, आणि तो जागच्या जागी गरगर फिरू लागला. त्याचे वडील उठून आपलं धोतर ओढून बघू लागले. मामा रागानं उभे राहिले आणि म्हणाले, "माझं काही नाही!" मुलाच्या वडिलांनी त्यांना खांद्याला धरून फिरवलं आणि नीट निरखलं.

"आवं, तुमच्या तर गुंड्याबी उठल्यात!" ते म्हणाले, आणि असे हसू लागले की फेटा सुटून गळ्यात आला. मग आबा हसले, मग काका. मामा तेवढे हसले नाहीत. त्यांचा कोट लोकरीचा होता.

पाव्हण्यांचे कपडे आईनं सोडा घालून उकळायला टाकले. वडिलांना आणि मामांना आबांची धोतरं दिली. मुलाच्या मापाचं घरात काहीच नव्हतं, म्हणून काकांची पलटणीतली खाकी हाफपँट आली. काका आडव्या अंगाचे, मुलगा सडपातळ. ती पँट मुठीत धरून तो ओट्यावर बसला होता. मी चहा द्यायला गेले तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "रंग कुणी कालवला?"

"मी."

"चहा पण तुम्हीच केलाय का?"

"हो."

त्यानं बशीत चहा ओतला, उजेडात धरून बघितला आणि मग प्यायला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

जाताना मामांनी मोटारीकडं बघितलंसुद्धा नाही. तिघं बैलगाडीतून स्टेशनला गेले. उकळून, वाळवून परत घातलेल्या त्यांच्या कपड्यांचा रंग फिका गुलाबी झाला होता, वास मात्र तसाच होता. होकार मुलाच्या वडिलांनी गाडीत चढता चढताच दिला. मामांचं मत कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाद्या पुन्हा उतरवल्या. या वेळी घाई नव्हती. रॉकेलच्या चिंधीनं काव आणि पालिश निघेल तेवढं काढलं, मग जोंधळ्याचा कोंडा चोळला, त्यानं जादा तेल ओढून घेतलं. पाणी अगदी नावापुरतं, ओल्या फडक्याचं. सावलीत वाळू दिलं. काका कोरड्या फडक्यानं तासन् तास घासत बसले. हळूहळू खालचा मूळचा रंग वर आला, जुन्या सुपारीसारखा. तडे राहिले, टाके राहिले, पण हात फिरवला की हाताला काही लागत नव्हतं.

"आता बसून बघा की कुणीतरी," काका म्हणाले.

कुणी पुढं होईना. शेवटी आबा आपलं मळकं धोतर नेसून आले आणि चिंचेखाली ठेवलेल्या मागच्या गादीवर बसले. थोडे मागं रेलले. मग पाय वर घेतले. जेवायला हाक मारायला आई गेली तेव्हा ते तिथंच आडवे होऊन घोरत होते.