पोकळीत पसरलेला वायू

प्रयोगशाळेतल्या मदतनीस कुसुमताई खाली बसून काचा वेचत होत्या. धुताना त्यांच्या हातून ब्युरेटची काचनळी निसटली आणि मी पोरांदेखत त्यांना वाटेल ते बोललो. त्या एवढंच म्हणाल्या, "चुकलं, सर."

माझ्या बोटांना अजून खडू होता. आत्ताच शिकवून आलो होतो : समोरच्या दाबाला रेटत वायू अगदी सावकाश पसरला, तर जास्तीत जास्त काम मिळतं. पोकळीत पसरला, तर काम शून्य.

सकाळी प्राचार्य मला नको ते बोलले, तेव्हा मी "बरं, सर" म्हणून खाली बघत राहिलो. उसळलो, ते समोरून रेटा येणार नाही अशी जागा बघून.

ताई उठल्या. "सर, जपून चाला. बारीक काच राहते, दिसत नाही."