दादाची जांभळी बॅटरी

परक्या माणसाची टोपी उलटी करून, तिच्यात नाक खुपसून, वर त्याच माणसाकडून आदराने चहा मिळवणारा इसम अख्ख्या न्यूझीलंडमध्ये एकच आहे, आणि तो नेमका माझा आतेभाऊ असावा हे माझं दुर्दैव. मी अन्यायाविरुद्ध लिहितो, सभांमधून बोलतो, शनिवारी ख्राइस्टचर्चच्या चौकात वाऱ्याशी झटापट करत पत्रकं वाटतो. लोक ‘सॉरी मेट’ म्हणून पुढे जातात. दादा नुसता ‘हं’ म्हणतो, आणि त्या एका ‘हं’साठी लोक पार उत्तर बेटावरच्या टौरंगाहून कुरियर पाठवतात.

टोप्या तरी कुणाच्या? हिटलरच्या सैनिकांच्या, आणि त्याने गणवेश चढवलेल्या शाळकरी पोरांच्या. इथले सैनिक युद्धावरून येताना आठवण म्हणून त्या घेऊन आले. त्या गॅरेजांमध्ये पडून राहिल्या, आणि हौशी संग्राहक उगवले तसे नकली टोप्या बनवणारेही उगवले. दादा दिवसा हॉर्नबीतल्या एका कंपनीत यंत्रांचे आराखडे काढतो आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरून खरं-खोटं करत बसतो. आधी वास. ‘चहात बुडवून जुनी केलीये,’ असा निकाल त्याने एकदा माझ्यासमोर दिला, ‘आणि चहासुद्धा पिशवीचा!’ मग आतला चामड्याचा पट्टा बोटाने चाचपायचा, कारण वर्षानुवर्षांचा घाम कुणाला बनवता येत नाही. शेवटी दिवे घालवून जांभळ्या उजेडाची बॅटरी मारायची. युद्धानंतरचा धागा असेल तर तो निळाशार चमकतो. चमकला की दादा इथल्या पोरांसारखा आनंदाने ओरडतो, ‘स्वीट अ‍ॅज! नकली!’ ही खोड घरापुरतीच राहिली असती तरी चाललं असतं, पण गेल्या गणपतीत त्याने भर आरतीत एका नव्या जावयाची जरीची टोपी उचलून आत डोकावून पाहिलं आणि जाहीर केलं, ‘इलॅस्टिक आहे हो!’ दादाची मुलगी किंचाळली, ‘बाबा, दॅट्स सो ग्रॉस!’ बाकी सगळं मंडळ हसलं. मी त्याच मंडळात तासभर भाषण केलं होतं, तेव्हा लोक प्रसादाच्या रांगेकडे बघत होते.

मी त्याला सोडलं नाही. म्हटलं, ‘दादा, ही सगळी घाण जाळायला हवी.’

‘जाळ की,’ तो म्हणाला. ‘पण आधी खरी कुठली ते कळू दे. नाहीतर नुसता चहाच जाळशील.’

आणि खरी निघाली की तो काय करतो? समोरच्या फुशारलेल्या संग्राहकासमोर ती पोराची टोपी आपल्या मुठीवर चढवतो आणि म्हणतो, ‘केवढंसं डोकं होतं बघा.’ तो माणूस गप्प होतो. माझं चार पानी पत्रक वाचून आजवर कोणीही गप्प झालेलं नाही.

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच इकडे आले. आमच्या घरी अंगाईगीतांपेक्षा पत्रकं जास्त होती, ती सगळी बाबांनी लिहिलेली. माझं नवं पत्रक मी त्यांच्या उशाशी ठेवलं होतं. मला त्यांच्याकडून एकच शब्द हवा होता: छान. बाबा सकाळी उठले, पत्रकावर चष्मा ठेवला आणि म्हणाले, ‘भाच्याकडे सोड रे.’ मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी आणायला जावं तर दोघे अंधारात बसलेले आणि बाबा लहान मुलासारखे विचारतायत, ‘आता ही?’

शेवटच्या रविवारी बाबांनी खिशातून आपली पांढरी खादीची टोपी काढली. ‘ही माझ्या पहिल्या अटकेतली. बघ तपासून.’

‘मामा, घरच्या टोप्या मी नाही तपासत.’

‘घाबरतोस काय? मार बॅटरी.’

दिवे गेले. टोपी भक्कन पेटल्यासारखी निळी झाली. इतकी चमकणारी टोपी त्या टेबलावर कधी आली नव्हती. बाबांचा हात टेबलावरच राहिला. ‘म्हणजे... बदलली कोणी?’ खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरंच वाटलं: आता याने लाडक्या मामाला ‘नकली’ म्हणून सांगून दाखवावं!

दादाने टोपी उलटी केली. पट्टीवरून बोट फिरवलं, नाक लावलं. मग म्हणाला, ‘टोपी तीच आहे मामा. घाम तुमचाच. ही चमक धाग्याची नाही, धुण्याच्या पावडरीची. पावडरीत घालतात ते निळं कापडात मुरतं. एकदोनदा धुऊन एवढं नाही मुरत. ही मामी आहे.’

आई गेल्यापासून ती टोपी धुतलेली नाही, हे मला ठाऊक होतं. प्रत्येक मोर्चाच्या आदल्या दिवशी ती न्हाणीघराबाहेरच्या दोरीवर वाळत असायची, हेही ठाऊक होतं. बाबांच्या एकाही पत्रकात ती दोरी नाही. माझ्याही नाही.

दादा दिवा लावायला उठला, तर बाबा म्हणाले, ‘थांब रे. जरा धर अजून.’

बाबा परत गेले तेव्हा दादाने ती बॅटरी त्यांच्या बॅगेत घातली. सध्या तो नुसत्या नाकावर काम चालवतो आणि टौरंगाचे लोक वाट बघतात. माझं पत्रक बाबा घेऊन गेले की विसरले, मी विचारलेलं नाही. रोज फोन होतो. परवा सहज म्हटलं, ‘बाबा, तिकडे संध्याकाळ झाली असेल, दिवा लावलात ना?’

म्हणाले, ‘लावतो. थोड्या वेळाने.’