अवलंबित पत्नीचे घोषणापत्र

२० जुलै २०२४, शनिवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. मंचरमधल्या करसल्लागाराच्या कार्यालयात तीन खुर्च्या. एकीवर सल्लागार, दुसरीवर माझे सासरे, तिसरीवर माझा नवरा. मी भिंतीशी उभी. टेबलावर माझ्या नावाचा कागद होता. मी सोडून तो सगळ्यांनी वाचला होता.

सूनबाई काय करतात, असे सल्लागाराने सासऱ्यांना विचारले.

"काय न्हाई," सासरे म्हणाले. "घरीच असती."

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे. कळंबला हमरस्त्यालगत या घराची माती-पाणी तपासणीची प्रयोगशाळा आहे. गाळा सासऱ्यांचा, परवाना नवऱ्याचा. नवरा चाकणला नोकरीला. प्रयोगशाळेत तो रविवारी येई, तेही गल्ला न्यायला. माती वाळवणे, चाळणे, सामू आणि क्षार मोजणे, द्राक्षाचे देठ तपासणे, अहवाल लिहिणे, हे सगळे माझ्याकडे. सहीही माझी, कारण रसायनशास्त्राची पदवी त्या घरात दुसऱ्या कोणाकडे नव्हती. तीन वर्षे. पगार नाही. शेतकरी आले की सासरे सांगत, तपासतो पोरगा, ही नुसत्या बाटल्या धुते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मला एकशे तीन ताप होता. आधी एक्केचाळीस नमुने संपवून घेतले, मग दवाखाना.

कागद त्या दवाखान्यामुळेच निघाला होता. नवऱ्याच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात बायकोला बसवायचे, तर ती कमावती नसल्याचे लिहून द्यावे लागे. "मी कोणतेही काम करीत नाही. मला स्वतःचे उत्पन्न नाही. मी सर्वस्वी पतीवर अवलंबून आहे." खाली सहीच्या जागी पेन्सिलीची फुली.

सल्लागाराने प्रयोगशाळेची फाईल चाळली. प्रत्येक अहवालावर माझी सही. मग त्याने नियम सांगितला. पत्नीकडे त्या विषयाची पदवी आहे, ती खरोखर काम करते, तर तिला पगार द्या. तो धंद्याचा खर्च धरला जातो, नवऱ्याचा कर उतरतो, आणि तो पगार पुन्हा नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवत नाहीत. फक्त मग तिला अवलंबित दाखवता येणार नाही. विमा वेगळा काढावा लागेल.

"आबा, लोक काम न करणाऱ्या बायकांना पगार दाखवायला येत्यात माझ्याकडं," तो म्हणाला. "तुमच्याकडं खरीच करणारी हाय."

सासऱ्यांनी दोन गोष्टी विचारल्या. पगार तिच्या खात्यावर जाणार का? तिच्या नावाने वेगळे विवरणपत्र निघणार का? दोन्हींचे उत्तर हो आले.

"मग नको. कर भरू. सरकारला दिल्यालं परवडतं."

काम मी करते, असे मी म्हणाले. चुकलेली नोंद दुरुस्त करावी, त्या आवाजात.

त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. ते सल्लागाराला सांगू लागले की हिचा बाप आण्याच्या पठारावर मेंढरे राखतो, पोराने हट्ट धरला म्हणून ही घरात आली.

"लेंड्या मोजत वाढलेली पोर. आमच्याकडं आली म्हणून टेबलाला बसती. दोन टाइम खाती, अंगावर धडुतं हाय. अजून पगार कशाचा?"

सल्लागार हसला. नंतर माझा नवरा हसला. त्याने पेन माझ्याकडे सरकवले.

"सही कर की. नुस्ता कागद हाय. का जायचंय परत मेंढरं वळायला?"

कागद नुसता नव्हता. मी काही करत नाही हे खरे असेल, तर तीन वर्षांचे सगळे अहवाल खोटे. माझ्या आकड्यांवर विसंबून बोरी बुद्रुकच्या माणसांनी रानात जिप्सम टाकले होते. ते आकडे खरे असतील, तर हे घोषणापत्र खोटे. दोन्हींखाली एकाच हाताची सही असू शकत नाही.

मी पेन ठेवले. "मी खोटी नोंद करत नाही. आणि सोमवारपासून तुमच्या अहवालांवर माझी सही नसेल."

तेव्हा सासऱ्यांनी मान वळवली.

संध्याकाळी माझी पिशवी दाराबाहेर ओट्यावर होती. पदवीचे प्रमाणपत्र प्रयोगशाळेच्या भिंतीवर. गाळ्याला नवे कुलूप. विद्यापीठातून दुसरी प्रत मिळवायला चार महिने गेले. आण्याला वडिलांनी मला जेवू घातले आणि म्हणाले, "माघारी जा बाई. सही करून टाक. आपण कुनाशी भांडायचं?" त्यांच्या घरीही मी नऊच दिवस राहिले.

आता आळेफाट्याला भाड्याची खोली आहे, जुनी उपकरणे आहेत, सही माझी आहे. नवऱ्याने घटस्फोटाच्या अर्जात लिहिले आहे: पत्नी उच्चशिक्षित व कमावती असल्याने पोटगीस पात्र नाही. मी पोटगी मागितलेली नव्हती. ज्या वाक्यासाठी मला घराबाहेर काढले, ते त्याने पैसे वाचवायला वकिलाकडून लिहून घेतले.

यंदा मी विवरणपत्र भरायला गेले. भरणारा म्हणाला, "ताई, एवढ्याला कर लागत नाय. उगा कशाला भरताय?"

भरा, मी म्हणाले. कर लागो न लागो, दरवर्षी भरणार. माझ्या श्रमाची नोंद सरकारदप्तरी माझ्या नावाने होईल, आणि ज्याला ती नाकारायची असेल त्याने आधी मला खोटे ठरवावे. मी त्या माणसाला कळफलकापुढून उठवले आणि एकूण उत्पन्नाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने आकडा भरला: १,९२,६४०.