जुलाबाविना

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागच्या खोलीत, ताईंनी दिवसाचा तिसरा केसपेपर उघडला आहे. खोलीला एकच खिडकी आहे आणि ती रस्त्याकडे उघडते. ताईंनी आपलं टेबल महिन्याभरापूर्वी तिथून हलवून भिंतीकडे नेलं. कारण कुणी विचारलं नाही.

सगळे त्यांना ताई म्हणतात, पाठीमागे कानामात्रा. त्यांच्या हातून कानामात्रेचाही फरक सुटत नाही म्हणून. त्या मेडिकल कोडर आहेत. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला ठरलेला कोड द्यायचा, हे त्यांचं काम. विमा, दाखले, सरकारी आकडे, पुढचं सगळं त्या कोडवर चालतं. नियम एकच: लिहिलं असेल तेवढंच. रुग्ण वाळून काडी झालेला दिसला, तरी डॉक्टरांनी वजन घटल्याचं लिहिलं नसेल, तर कोडरच्या लेखी ते घटलेलं नाही. शंका आली तर डॉक्टरांना लेखी विचारायचं. त्याला क्वेरी म्हणतात.

आयबीएस हा पोटाचा आजार अशा शंकांचं माहेरघर आहे. तपासण्या स्वच्छ येतात, आतड्यांत काही सापडत नाही, पण पोट माणसाला सुखाने बसू देत नाही. त्रास जुलाबांचा असेल, तर कोड के अठ्ठावन्न पॉइंट शून्य. डॉक्टरांनी नुसतंच आयबीएस लिहून सोडलं, तर पॉइंट नऊ; आणि पॉइंट नऊपुढे छापलेलं असतं, ‘जुलाबाविना’. डॉक्टर काहीच बोलले नाहीत, तरी कागद ‘नाही’ म्हणतो.

ताईंचा धाकटा भाऊ लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होता. ताईंचे यजमान गेल्यापासून बहीण-भाऊ एकाच घरात राहत. तो बोलका, कुणाचीही टोपी उडवणारा. ‘ताईकडे चहा मागितला, तर विचारते, कोणी लिहून दिलाय?’ असं शेजाऱ्यांना सांगायचा. सकाळी त्याची बस रुग्णालयावरून जाई, तेव्हा तो दोनदा हॉर्न वाजवी. ‘अरे, फाटकावर पाटी आहे, हॉर्न मना आहे,’ ताई रोज संध्याकाळी रागवत. ‘मग मी कुठे वाजवतो? तुला हाक मारतो,’ तो म्हणे.

पोटाबद्दल मात्र त्याची थट्टा बंद पडायची. मार्गावरच्या कुठल्या पेट्रोल पंपाचं शौचालय उघडं असतं, हे त्याला तोंडपाठ होतं. ड्यूटीच्या आधी तो जेवत नसे. हे सगळं ताई बघत होत्या. पण ‘जुलाब’ हा शब्द त्याच्या तोंडून निघत नसे. तो डॉक्टरांकडे गेला, तेव्हा पुढच्या नंबरची बाई मुलीला घेऊन आधीच खोलीत येऊन बसली होती. ‘पोट साथ देत नाही,’ एवढंच तो म्हणाला. डॉक्टरांना कळलं असावं. त्यांनी जुलाब थांबवायची गोळी दिली. कागदावर लिहिलं, ‘आयबीएस’.

तो केसपेपर ताईंच्या टेबलावर आला. नातेवाइकाचा कागद हाताळायचा नाही, म्हणून त्यांनी तो लगेच शेजारच्या टेबलावर दिला. तिथे बसणाऱ्याला सगळे पोस्टमन म्हणतात. क्वेऱ्या घेऊन जिने चढणं त्याच्याकडे असतं.

‘ताई, गोळी जुलाबाची आहे आणि जुलाब लिहिलेले नाहीत. क्वेरी टाकतो.’

‘नको. लिहिलंय तेवढंच घे.’

‘अहो, काल त्या सुताराच्या कागदावर तुम्हीच टाकायला लावलीत. हा तर सख्खा भाऊ तुमचा.’

‘म्हणूनच नको. भावासाठी कोड बदलून घेतला म्हणतील.’

पोस्टमनने पॉइंट नऊ टाकला.

पुढच्याच महिन्यात भावाने भर रस्त्यात बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि झुडपांमागे धावला. इंजिन चालूच राहिलं होतं. प्रवाशांपैकी कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि तक्रार केली. चौकशी लागली. डेपोने रुग्णालयाकडून दाखला मागवला.

‘यात तर जुलाबाविना लिहिलंय,’ चौकशी अधिकारी म्हणाले. ‘मग गाडी सोडून पळालात कशाला?’

खोलीत पाचसहा माणसं होती. भाऊ खाली बघत राहिला. त्याला बसवरून काढलं आणि डेपोत गाड्या धुवायला लावलं.

ताई तडक डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी उभ्या उभ्या लिहून दिलं: जुलाबासह. ‘तेव्हाच विचारलं असतंत, तर तेव्हाच लिहिलं असतं,’ ते म्हणाले. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, ‘मागची तारीख टाकू?’

‘आजचीच टाका,’ ताई म्हणाल्या.

भावाने त्या कागदानिशी अपील केलं. तारीख प्रसंगानंतरची आहे, कागद मागाहून तयार केलेला दिसतो, असं म्हणून ते फेटाळलं गेलं. पुढे दाद मागायची सोय नव्हती.

त्या संध्याकाळी ताईंनी त्याला दोन्ही गोष्टी सांगितल्या, क्वेरीची आणि तारखेची. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, गाड्या धुऊन धुऊन हात पांढरे पडलेले.

‘तारीख ठीक आहे,’ तो म्हणाला. ‘ती तू टाकू देणार नाहीस, हे मलाही कळतं. पण क्वेरी? ती तर तुझ्या नियमातच बसत होती ना?’

‘हो.’

‘रोज कुणाकुणासाठी टाकता?’

‘ज्याला लागेल त्याच्यासाठी.’

‘मग मला का नाही?’

‘तू माझा भाऊ आहेस म्हणून.’

तो हसला. ‘म्हणजे परका असतो, तर वाचलो असतो.’

ताईंनी गॅस बंद केला.

‘तू एकदा विचारून घ्यायचंस गं,’ तो म्हणाला. ‘मला बोलता येत नव्हतं, हे तुला तर माहीत होतं.’

आठवड्याभरात राजीनामा देऊन तो दुसऱ्या गावी मामांच्या दुकानात माल मोजायला गेला. जाताना ताईंच्या पाया पडला. त्यानंतर फोन नाही. ताईंनी केला, की मामी उचलते आणि म्हणते, ‘आत्ताच बाहेर गेला बघ.’

तिसऱ्या केसपेपरवर डॉक्टरांनी नुसतंच आयबीएस लिहिलं आहे. औषधांत तीच गोळी. ताई क्वेरी लिहितात आणि पोस्टमनकडे सरकवतात. नाव वाचत नाहीत. बाहेरून बस जाते आणि खिडकीची काच थरथरते.

उद्याही सव्वाआठला ती बस रुग्णालयाच्या फाटकावरून जाईल. तिथे हॉर्न वाजवायला मनाई आहे, आणि नवा ड्रायव्हर वाजवत नाही.