एक माणूस कमी

ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मला दरवर्षी भाषणाला बोलावतात. विषय ठरलेला, यश कसं मिळवावं. मी मेहनत, शिस्त, वेळेची किंमत असलं काहीबाही ठोकून देतो आणि पोरं मान डोलावतात. खरं सांगायची माझी छाती होत नाही. माझं सगळं यश एका फॉर्मवर उभं आहे आणि त्यातली अक्कल माझी नव्हतीच.

डिप्लोमा करून चाकणच्या कंपनीत लागलो, तेव्हा मला धड पाना धरता येत नव्हता. शिकवलं ते लाइनवरच्या एका कंत्राटी कामगारानं. परभणीकडचा माणूस, आठ वर्षं एकाच मशीनवर. माझ्या किती चुका त्यानं स्वतःच्या अंगावर घेतल्या, त्याला गणती नाही. पुढं मी त्याच लाइनचा सुपरवायझर झालो. चारचौघांत तो मला साहेब म्हणायचा, दोघंच असलो की भावा.

ड्रिल मारलेले पार्ट तो क्रेटमध्ये टाकायचा. राजगुरुनगरकडचा, घरची शेती सांभाळून कामाला येणारा दुसरा एक कंत्राटी कामगार ते वाकून वाकून उचलायचा आणि पुढच्या मशीनला द्यायचा. त्याची कंबर पार कामातून गेली होती. ते बघवेना म्हणून माझ्या या गुरूनं भंगारातले रोलर जोडले आणि दोन मशीनच्या मध्ये उतार करून दिला. पार्ट आपोआप घरंगळत पुढं जायला लागले. मी खुळ्यासारखा बघतच राहिलो.

त्याच महिन्यात कायझेनची स्पर्धा होती. कामात सुधारणा करा, फॉर्म भरा, बक्षीस घ्या. कंत्राटी माणसाचं नाव फॉर्मवर चालत नाही, म्हणून माझं टाकायचं ठरलं. ठरलं कसलं, मीच टाकलं. फायद्याच्या रकान्यात मी लिहिलं, कामगाराची कंबरदुखी थांबली. तो हसला. असल्याला कुणी बक्षीस देतं व्हय, म्हणाला, लिही की एक माणूस कमी लागतो. मी खोडून तसं लिहिलं.

पहिला नंबर आला. सत्कार झाला, नोटीस बोर्डावर फोटो लागला. त्याच जोरावर पुढं प्रमोशनही मिळालं. सत्काराला सगळ्यात जोरात टाळ्या त्यानंच वाजवल्या.

महिन्याभरानं ठेकेदारानं खरंच एक माणूस कमी केला. त्यालाच. माणूस जुना झाला की कायम करा म्हणून मागं लागतो, तेव्हा काढायचं तर जुन्याला काढायचं, ही ठेकेदारांची रीत. मला ती चांगली ठाऊक होती, पण फॉर्म भरताना डोक्यात आली नाही. मी ठेकेदाराच्या हातापाया पडलो, मग मॅनेजरकडं गेलो. त्यांनी माझाच फॉर्म माझ्यापुढं सरकवला. अक्षर माझं, सही माझी.

रविवारी महाळुंग्याला त्याच्या खोलीवर गेलो. सामान बांधून झालं होतं. गावाकडं परत निघाले होते. त्याची बायको पोरांचे शाळेचे दाखले पिशवीत ठेवत होती. तिनं चहा दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी त्याला म्हणालो, चूक माझी आहे, मीच तुला देशोधडीला लावलं. आणि लाज सोडून रडलो.

त्यानं कप खाली ठेवला.

"न्हाई भावा. लिही म्हणून मीच सांगितलं ना. मला वाटलं, तो जाईल. त्याला रान तर हाय."

फॉर्म भरताना मलाही अगदी हेच वाटलं होतं. ज्याची कंबर दुखते म्हणून एवढा खटाटोप केला, त्यालाच आम्ही दोघांनी घरी बसवायचं ठरवलं होतं, आणि त्याबद्दल एकमेकांशी चकार शब्द काढला नव्हता.