आधी गाणं

उजव्या हाताची तर्जनी नाकासमोर उभी राहिली, की समजावे, मांडवीच्या काकूंकडे गाणे सुरू आहे. दारात पोस्टमन असो वा नगरपालिकेचा माणूस, त्याला दोनच शब्द मिळत. "आधी गाणं."

वाचकहो, जुन्या हिंदी गाण्यांचे शौकीन आपण पुष्कळ पाहिले असतील. मान डोलावणारे, मांडीवर ठेका धरणारे, गायकाचे नाव आपल्या घरातले असल्यासारखे घेणारे. परंतु गाणे लागताच हातातील काम खाली ठेवून निव्वळ ऐकणारी व्यक्ती मी एकच पाहिली, आणि ती माझ्या आळीत राहत होती, हे मी अभिमानाने नमूद करतो.

मी कचेरीच्या फाटकापाशी टेबल टाकून अर्ज लिहून देणारा. शिक्षण आठवीपर्यंत, परंतु माझ्या हातचा अर्ज साहेबलोक शेवटपर्यंत वाचतात, असा लौकिक आहे. अठ्ठ्याण्णव साली आळीतील नळाच्या अर्जावर सह्या घेत मी काकूंच्या पडवीत गेलो, तेव्हा तर्जनी उभी होती. टोपण काढलेले पेन धरून मी तसाच उभा राहिलो.

गाणे संपल्यावर त्यांनी विचारले, "काय ऐकलंत, भाऊ?"

मी गायिकेचे नाव सांगितले.

"नाव तर रेडिओवाला पण सांगतो. तुम्ही काय ऐकलंत?"

मी पेनाला टोपण लावले. असा प्रसंग माझ्यावर सहसा येत नाही. अखेर काकूच म्हणाल्या, "पहिली ओळ ती फिरून फिरून म्हणते. आधी विचारते. मग विनवते. शेवटाला येते तेव्हा उत्तर येणार नाय, हे तिला कळलेलं असतं. शब्द तेच हो, बाई बदलते."

त्या दिवसापासून माझ्या अर्जांत फरक पडला. विषयात जी मागणी, तीच शेवटी 'सबब विनंती' म्हणून यायची. पण मधल्या मजकुराने तिचे वजन बदललेले असले पाहिजे. ही विद्या मला कोणत्याही वकिलाने दिलेली नाही.

तर्जनीपुढे सर्व समान. एकदा मासेवाली पाटी उतरवून बसली आणि गाणे लागले. मांजराने पाटीतला बांगडा उचलला आणि पायरी उतरून कुंपणाच्या दगडी गडग्यावर बसून खाल्ला. दोघींनी डोळ्यांनी पाहिले, पण तर्जनी खाली आली नाही. गाणे संपताच मासेवाली कडाडली, "गाणं तुझं, मांजर तुझं, बांगडा तेवढा माझा गेला गो!"

काकूंचे यजमान मालवाहू जहाजावर नोकरीला. वर्षातले बहुतेक महिने समुद्रावर. उभयतांचा जुना करार असा, की रेडिओवरचा जुन्या गाण्यांचा एकच कार्यक्रम रोज दोघांनी एकाच वेळी ऐकायचा; त्यांनी जहाजावर, काकूंनी पडवीत. "आम्ही रोज बरोबर बसून ऐकतो," असे काकू म्हणत, आणि 'बरोबर' या शब्दावर त्यांची मान किंचित ताठ होई.

मग काका निवृत्त होऊन घरी आले. आयुष्यात प्रथमच दोघे एका रेडिओसमोर रोज बसू लागले, आणि घोटाळा झाला. काका गाण्याबरोबर गात. मोठ्याने, आणि स्वतःच्याच चालीने. तर्जनी उभी राही. काका तिच्याकडे पाहून हसत आणि गात राहत.

काकू माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. डोळे भरलेले. "भाऊ, अर्ज लिहा. एवढी वर्षं हे नव्हते, गाणं होतं. आता हे आले नि गाणं गेलं."

"कोणाच्या नावे लिहू?"

"त्यांच्याच. घरातला मोठा साहेब आपणच, असं त्यांना वाटतं ना?"

मी लिहिले. 'विषय: गाणे चालू असताना शांतता पाळणेबाबत. अर्जदार ही सामनेवाल्यांची लग्नाची पत्नी असून तिची सामनेवाल्यांविरुद्ध अन्य कोणतीही तक्रार नाही.' सामनेवाल्यानेच निकाल द्यावा, असा अर्ज माझ्या कारकिर्दीत तो एकच. मी स्वतः तो पडवीत नेऊन बजावला.

काकांनी चष्मा लावून दोनदा वाचला. "म्हणणं तोंडी दिलं तर चालेल काय?"

"चालेल," मी म्हणालो.

"समुद्रात आवाज यायचा नि जायचा. गाणं रंगात असायचं, नि मधेच नुसती खरखर. मग अर्ध्यावर सोडून द्यायचं? पुढचं मी म्हणायचो. आवाज परत आला की बघायचो, ती बाई नि मी एकाच जागी आहोत काय."

"असायचात?" काकूंनी विचारले.

"कधी कधी." ते अर्जाची घडी घालू लागले. "अगो, तुझं इथे पुरं व्हायचं. माझं अर्धं राहिलं तर बरोबर ऐकलं कसं म्हणणार?"

काकू आत गेल्या. चहा घेऊन आल्या, कप ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, अर्ज निकाली काढा."

दुसऱ्या दिवशी काका गायले. मी त्यांच्याकडे पाहिले, तोच तर्जनी उभी राहिली, माझ्यासाठी. गाणे आणि काका, दोन्ही मिळून आता ऐकायचे होते.

काही वर्षांनी काका गेले. मुलाने मुंबईहून सीडी वाजवण्याचे यंत्र पाठवले. ते कपाटातच राहिले. "ह्याच्यात हवं तेव्हा लागतं," काकू म्हणाल्या. "मग बरोबर कोण असणार?"

एका सकाळी मी पडवीत बसलो होतो. लांब समुद्रावर विजा चमकत होत्या. गाणे मध्यावर आले आणि रेडिओ खरखरू लागला. मी बटण फिरवायला हात पुढे केला. तर्जनी उभी राहिली.

आणि ज्या काकूंना मी कधी गुणगुणतानाही ऐकले नव्हते, त्या पुढची ओळ म्हणू लागल्या. मोठ्याने. गायिकेच्या चालीत नव्हे; काकांच्या.

खरखर थांबून गाणे परत आले, तेव्हा काकू अर्धी ओळ पुढे गेल्या होत्या. त्या थांबल्या, रेडिओतल्या बाईला तिथवर येऊ दिले, आणि मग दोघींनी मिळून ओळ पुरी केली.