गळतीवरची बाग

पाणीखात्यात एकतीस वर्षं मीटर वाचून निवृत्त झालेले मीटरमामा झाड लावण्याआधी ऊन बघत नाहीत, मातीही बघत नाहीत. चप्पल काढून अनवाणी उभे राहतात. तळपायाला गारवा लागला, की खाली पाइप गळतोय. तिथेच खुरपं चालवायचं. विजेच्या डीपीमागे कर्दळ, बंद टपरीशेजारी अळू आणि पुलाखाली, जिथे लोक फाटक्या गाद्या टाकत, तिथे केळी. परवानगी कुणाची घेतलेली नाही आणि पाणी घालायचा प्रश्नच नाही.

या गळत्या त्यांनी नोकरीत असताना खात्याला वर्षानुवर्षं लिहून कळवल्या होत्या. कुणी फिरकलं नाही.

यंदा चढावरच्या गल्लीत नळाला करंगळीएवढी धारही येईना. तिथे तिसऱ्या मजल्यावर मामांची थोरली बहीण राहते. जिन्यात दोनदा टेकत ती खालून बादली नेते. गळती शोधायला खात्याने फिटर पाठवला, तो मामांच्या ओळखीतलाच. पुलाखालच्या केळी बघून तो थांबला.

"मामा, एवढ्या उन्हात ह्या टवटवीत कशा? पाणी कोण घालतं?"

"खातं घालतं."

फिटरने खणलं. पाइपचा जोड निखळला होता. दुरुस्तीत केळी गेल्या.

"बाकीच्या जागा दाखवा," तो म्हणाला. "मी शोधत बसलो तर महिना जाईल."

मामांनी जेवायला बसताना मामींना सगळं सांगितलं. मामींनी ताट वाढलं. "झाडं बघा, नाहीतर ताईंचे गुडघे बघा. दोन्ही तुमच्याच हातात आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा चप्पल हातात घेऊन पुढे आणि फिटर खडू घेऊन मागे. मामा थांबतील तिथे फुली. शाळेच्या भिंतीमागे मात्र मामांनी चप्पल पायात घातली.

"इथे नाही?" फिटरने विचारलं.

"थेंबथेंब आहे. निशिगंध फुलून जाऊ दे, मग ये."

फिटरने खडू खिशात ठेवला.

आठवड्याभरात ताईच्या स्वयंपाकघरात पाणी चढलं. खणताना निघालेले कर्दळीचे कंद मामांनी जपून ठेवले होते, ते डीपीमागे पुन्हा लावले. तिथली माती आता कोरडी ठणठणीत. हे कळल्यावर ताईने आपली बादली पाठवून दिली.

मामींनी ती दारात ठेवली. "घ्या. आता तुमचे गुडघे."